समुद्राखालचा बर्फ आणि तळेघरचा जार

माझ्या पिकअपमध्ये एका खेपेला हजारभर वळू बसायचे. जर्सी, होल्स्टीन, गीर, आणि मुऱ्हा रेडे वेगळे. एकानंही कधी शिंग उगारलं नाही की वाटेत शेण टाकलं नाही. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत टाकलं की शेजारचा पाहुणा घास हातात धरून बघत राहतो, आणि तेवढ्यात त्याच्या पानातली जिलबी माझ्या पानात येते. पण या अंकाच्या संपादकांनी बजावलंय, 'सोपानभाऊ, थापा चालणार नाहीत.' म्हणून आधी खुलासा करतो.

मी दूध संघात नायट्रोजनच्या गाडीवर होतो. हल्ली गाय माजावर आली की कुणी वळू शोधत हिंडत नाही. वळूचं बी काडीएवढ्या नळीत भरून गोठवलेलं असतं. त्या नळीला आम्ही कांडी म्हणतो. एक कांडी म्हणजे एक वळू. निदान गाईच्या हिशेबानं. या कांड्या द्रव नायट्रोजनात बुडवून ठेवाव्या लागतात. दिसतो पाण्यासारखा, पण थंडी शून्याखाली एकशे शहाण्णव. उघडा ठेवला की उकळतो आणि धूर होऊन उडून जातो. म्हणून त्याला दुहेरी भिंतीचा जार लागतो, मधली हवा काढून घेतलेला. थर्मासचा थोरला भाऊच म्हणा. तरी रोज थोडा उडतोच. जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या कृत्रिम रेतन करणाऱ्या कार्यकर्त्यांना कांड्या पोचवणं आणि त्यांचे जार कोरडे पडू न देणं, एवढंच माझं काम. जार कोरडा पडला तर आतले वळू मरतात, आणि मेले तरी ओरडत नाहीत. गाय पुन्हा माजावर आली की मालक ओरडतो.

थंडीचे तमाशे मी लई पाहिले. पेठ गावच्या एका हॉटेलात चहा फार गरम आला म्हणून मी थेंबभर नायट्रोजन टाकला, तर बशीतून चहाची वडी निघाली. ती हॉटेलवाल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली. असा मी, आयुष्य थंडीत काढलेला. मला वाटायचं, थंडीत आपल्याला हादरवील असं काही उरलं नाही. मग मंचरहून हमीदभाईचा फोन आला.

हमीदभाई जुन्नरचा. मंचरच्या एका बटाट्याच्या शीतगृहात मशिनवर मिस्त्री. आमची दोस्ती अशी की तो मला 'वळूंचा ड्रायव्हर' म्हणतो आणि मी त्याला 'बटाट्यांचा डॉक्टर'.

"सोपानभाऊ, गाडी घेऊन ये. हितं एक मॅडम रडतीया."

"तू काय केलंस?"

"मी नाय राव, सरकारनं केलंय. तू ये आधी."

गेलो. बटाट्यांच्या गोण्यांच्या थप्पीमागं एक खोली होती. तिथं एक चष्मेवाली बाई एका जारसमोर खुर्ची टाकून बसली होती, जसं आयसीयूबाहेर बसतात. जारच्या मानेवर पांढरं दव आणि पोटावर चक्क बर्फ. मी दारातूनच म्हणालो, "मॅडम, हा गेला. भिंतीतली निर्वात पोकळी गेली की जारला बाहेरून थंडी वाजते. आतला माल उद्यापर्यंत टिकणार नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. या डॉ. वसुधाताई. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही म्हणतो.

मी विचारलं, "आत कुठला वळू आहे?"

"वळू नाही काका. बर्फ आहे."

मी हमीदभाईकडं बघितलं. हमीदभाईनं छताकडं बघितलं. एकशे शहाण्णवच्या थंडीत कुणी बर्फ ठेवतं? म्हणजे बर्फाला आणखी गार करायचं? मग मॅडमनी सांगितलं ते ऐकून मी गोणीवर बसलो. उभं राहून ऐकण्यासारखं नव्हतंच ते.

समुद्राच्या तळाखाली, जिथं दाब प्रचंड आणि पाणी गारेगार, तिथं एक बर्फ तयार होतो. पाण्याच्या कणांचा पिंजरा आणि पिंजऱ्यात कोंडलेला वायू. वायू कोणता? तर मिथेन. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत असतो तोच! वर आणला, दाब सुटला, ऊब लागली की पिंजरा मोडतो, वायू उडतो, आणि हातात उरतं नुसतं पाणी.

"म्हणजे गोबरगॅस, शेणाशिवाय?" मी विचारलं.

"शेणाशिवाय. आणि आपल्या समुद्राखाली पुष्कळ आहे असं म्हणतात. देश बाहेरून गॅस विकत घेतो, आणि हा घरचा तसाच पडून आहे. पण तो परवडेल अशा रीतीनं बाहेर कसा काढायचा, हे अजून जगात कुणालाच जमलेलं नाही. त्यासाठी संशोधन."

"मग तुमचा समुद्र मंचरला कशाला आणला?"

इथं हमीदभाई मध्ये पडला. "मी सांगतो. कुणा साहेबाला कळलं, बर्फाचे तुकडे ठेवायचेत. साहेब म्हनला, शीतगृहात ठेवा, पुण्यापेक्षा मंचरला भाडं कमी. मी पहिल्याच दिवशी म्हनलं, मॅडम, हितं बटाटा गार व्हतो. समुद्र न्हाई व्हनार!"

मॅडम हसल्या, पण डोळे भरलेलेच. जार त्यांनी आपल्या संस्थेतून आणला होता. आता तो फुटका. नवा घ्यायचा तर मंजुरी हवी. मंजुरी का नाही, हे त्यांनी मला जसं समजावलं तसंच लिहितो. बोट समुद्रात नेऊन तळाला भोक पाडायला सरकारी पैसा मिळतो. वर आलेलं जपायचं काम दुसऱ्या खात्याकडं. ते खातं म्हणतं, जपणूक म्हणजे देखभाल, आणि देखभाल म्हणजे संशोधन नव्हे. दर काही वर्षांनी सरकारला या बर्फाचा उत्साह येतो, दर काही वर्षांनी कंटाळा येतो. सध्या कंटाळ्याचे दिवस होते. योजना पुढं चालवायची की बंद करायची हे ठरवायला एक समिती नेमली होती, आणि समिती येऊन बघून जाईपर्यंत मॅडमना एक खिळासुद्धा घ्यायची बंदी.

मी हबकलोच. आमच्या दूध संघातही गोंधळ होते, पण 'गाय विकत घ्या, वैरण मागू नका' असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

"समितीला दाखवायला नमुना नसेल तर?" मी विचारलं.

"तर योजना बंद. मी तीन महिने बोटीवर उलट्या करत हे तुकडे वर आणलेत काका. बाकीचे गेले. आता दोनच उरलेत, बोटाएवढे."

आता माझी पंचाईत ऐका. माझ्या गाडीतली मोठी टाकी संघाची. दर आठवड्याला साहेब उघडून बघायचे, त्यात परकी वस्तू चालायची नाही. आणि नायट्रोजन गाईंचा. गाईचा माज काही समितीसाठी थांबत नाही. मी मान खाजवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आमच्या जारात ठिवा की."

ही चिमाबाई. तळेघरची. डोंगरात भात आणि नाचणी करायची, नवरा गेल्यावर रेतनाचं शिक्षण घेतलं आणि तीन लिटरचा जार खांद्याला लावून वाड्यावस्त्या चालत फिरायची. माझी फेरी चुकल्यामुळं त्या दिवशी जार भरायला थेट मंचरला आली होती आणि माझ्या मागोमाग आत शिरली होती. ती सगळं ऐकत उभी होती.

"चिमाबाई, तुझे वळू आहेत त्यात."

"मग? त्यांना काय सवत वाटनार हाय? आमच्याकडं पडकईला एकाच्या खाचराला समदं गाव जातंय. आज हिचं खाचार, उद्या माझं. थोडी थंडी दिली तर काय जातंय?"

पडकई म्हणजे डोंगरातली रीत: भातखाचराचे बांध घालायला एकमेकांकडं राबायला जायचं, मजुरी नाही, फक्त जेवण. समुद्रतळासाठी पडकई घातलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

एक तुकडा चिमाबाईच्या जारात, आणि दुसरा पेठ गावच्या बबनरावांच्या, असं ठरलं. दोन्ही तुकडे मॅडमनी चांदीच्या कागदात गुंडाळले, बारीक दोरा बांधला आणि कांड्यांच्या डबीत सोडले. जाताना बबनरावांनी मिशीला पीळ देत सांगितलं, "मॅडम, काळजी सोडा. आमच्या जारात पंजाबचे रेडे सुखानं नांदत्यात, तुमचा बर्फ कोन?"

बबनरावांची मिशी म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरची खूण होती. ट्रकवाले 'मिशीच्या अलीकडं थांब' असं एकमेकांना सांगायचे. आता पुढचं सावकाश वाचा.

कांडी वापरण्याआधी जारमधून चिमट्यानं काढून कोमट पाण्याच्या मगात टाकतात, म्हणजे बी जागं होतं. एका सकाळी एक मालक धावत आला, "बबनराव, चला, गाय लई वरडतीया." गोठ्यात पोचल्यावर बबनरावांनी घाईत चिमटा घातला, आणि कांडीबरोबर चांदीच्या कागदाची पुडीही वर आली. गडबडीत पुडी मगात पडली. दोरा सुटला, कागद उघडला, आणि मगातलं पाणी बुडबुडायला लागलं. बबनरावांना वाटलं, पाणी जास्त गरम झालं. बघायला वाकले. ओठात पेटती बिडी.

मी तिथं नव्हतो, पण आवाज मंचरपर्यंत आला असं मी सांगतो. हमीदभाई म्हणतो, आला नाही. काही असो, मगातून निळसर-पिवळा जाळ उठला आणि पाण्यावर बर्फ जळायला लागला. गाईवाल्यानं पळ काढला. गाय खुंट्याला होती म्हणून राहिली. मी पोचलो तेव्हा बबनराव ओट्यावर बसले होते, आणि मी त्यांना ओळखलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा वरचा ओठ दिसला.

"सोपानभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "पान्यावर बर्फ पेटला रे. माझ्या डोळ्यांदेखत. हे काय विपरीत?"

फोनवर मॅडमना सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "भाजलं का कुणाला?" नाही म्हटल्यावर त्यांनी वहीत काहीतरी खोडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आता एकच."

समिती आली. पांढरी गाडी, पुढं एक, मागं एक. मोठे साहेब मराठीच, पण दिल्लीत मुरलेले. मराठी बोलताना मधूनमधून थांबायचे, जणू शब्दाला वरिष्ठांची सही लागते. मॅडमनी खोलीत नकाशे लावले होते. हमीदभाईनं गोण्या झाडून घेतल्या होत्या, तरी साहेबांच्या कोटाला बटाट्याची माती लागलीच. मिशी नसलेले बबनराव साक्षीदार म्हणून कोपऱ्यात उभे. चिमाबाईची बस आलेली नव्हती.

मॅडम बोलायला लागल्या. साहेबांनी हात वर केला.

"डॉक्टर, त्याची गरज नाही. निर्णय झालेला आहे. ही योजना बंद. आम्ही फक्त शिल्लक नमुने डोळ्यांदेखत नष्ट झाल्याची नोंद करायला आलो आहोत. बंद योजनेचा माल मागं ठेवता येत नाही."

मी नायट्रोजनच्या टाकीत डोकं घातल्यासारखा थिजलो. आम्ही ज्या तुकड्याला जीव लावून गार ठेवला, तो गार ठेवायचा कशासाठी? तर साहेबांसमोर मारायला! मॅडमच्या हातातली नकाशाची गुंडाळी आपोआप सुटत जमिनीपर्यंत गेली. हमीदभाई पुटपुटला, "बटाटासुद्धा सडल्याबिगर आमी फेकत न्हाई."

"नमुना कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

आणि दारात चिमाबाई. खांद्याला जार, पायांना चिखल. घाटातून चालत खाली उतरून कुठल्याशा टेम्पोनं आली होती. ती दाराबाहेर किती वेळ उभी होती, काय काय ऐकलं होतं, कोण जाणे. साहेब म्हणाले, "बाई, नमुना बाहेर काढा."

चिमाबाईनं जार खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"तो गेला सायेब. इरघळला. परवाच."

मॅडमनी डोळे मिटले. मी मनात कपाळावर हात मारला: संपलं सगळं.

साहेब मात्र पक्के. "जार उघडा."

तिनं झाकण काढलं. धुराचा लोट साहेबांच्या चष्म्यावर. आत डब्या हलल्या.

"हे काय आहे मग?"

"वळू हायेत."

"काय?"

"वळू. बारा. दोन गीर, बाकीचं होल्स्टीन. हात घालून मोजा की. फकस्त हात जास्त आत घालू नका, निघायचा न्हाई. आमच्याकडं एकाचं नख तसंच राह्यलंय जारात."

ही नखाची थाप. माझ्या तोंडची. पण अशा वेळी तिनं उसनी घेतली, मी काय बोलू?

साहेबांनी हात मागं घेतला, खिशात घातला, आणि पुन्हा काढला नाही. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "नष्ट झालेला आढळला, असं नोंदवा." गाड्या गेल्या. मॅडमनी नकाशे गुंडाळले आणि हमीदभाईच्या टेबलावरचा चहा, गार झालेला, तसाच पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी त्या मंचर सोडून गेल्या.

तुकडा नीट जपला नाही म्हणून चिमाबाईवर मी चिडलो होतो. दोन फेऱ्या तिच्याशी नीट बोललोसुद्धा नाही. तिसऱ्या फेरीला तिचा जार भरताना लाकडी पट्टी आत बुडवली. नायट्रोजन किती उरलाय ते तिच्यावरच्या दवावरून कळतं. पट्टी कशाला तरी लागून अडकली. चिमट्यानं डबी उचलली, तर कांड्यांच्या मध्ये चांदीचा कागद.

माझ्या हातातून चिमटा पडला.

"चिमे! हे काय?"

"वरडू नका दादा, समदी वाडी जमंल."

"तू सरकारला खोटं सांगितलंस?"

"सरकारनं मला काय इचारलं? 'बाहेर काढा, मारायचाय.' पावणं म्हनून घरात घेतलं, त्याला मारायला भाईर काढू? आनि ती बाई उलट्या करत आणती, तिच्यासमोर?"

मी चिमटा उचलला आणि जारचं झाकण लावलं. त्यानंतर तळेघरच्या फेरीला माझ्या हातून नायट्रोजन नेहमी थोडा जास्त सांडायचा, आणि नेमका तिच्याच जारात सांडायचा. हमीदभाईला सांगितलं तेव्हा तो आधी हादरला, मग मला हात जोडून म्हणाला, "हे कुनाला सांगू नको. तू सांगितलंस तर थापच वाटंल म्हना."

मी निवृत्त झालो. जार भरायला नवा गडी आला. त्यालाही चिमाबाईनं आपलंसं केलं. आणि मग सरकारला पुन्हा उत्साह आला. नवी योजना, नवं नाव, पैसा मोकळा. मॅडमचा फोन आला.

"काका, अर्ज केलाय. पण त्यांची अट आहे, जुन्या नमुन्याशी तुलना करून दाखवा. जुना नमुना कुठून आणू? तो नष्ट करायला लावणारेच आता मागतायत." त्या हसल्या, पण ते हसू ऐकवत नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, "उद्या मंचरला या. तळेघरला जाऊ. पायात चांगलं काहीतरी घाला."

चिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मॅडमना बघून उठली, सूप ठेवलं, आत गेली आणि जार घेऊन आली. चिमट्यानं दोरा धरून पुडी वर उचलली. धूर खाली पायांवर उतरला.

"घ्या, तुमचं पावणं."

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. मी आयुष्यात शेकडो लोकांना थक्क केलंय, पण सगळ्यांना थापांनी. खऱ्यानं थक्क झालेलं माणूस कसं दिसतं ते तेव्हा बघितलं. तोंड उघडं, हात पुढं, आणि पुडीला हात लावायचं धैर्य नाही. पुडी पुन्हा जारात सोडल्यावर कुठं त्यांना श्वास आला. दुसऱ्याच क्षणी चेहरा उतरला.

"चिमाबाई, हा मी नेला तर विचारतील, नष्ट झालेला नमुना आला कुठून. तुमची चौकशी लागेल. तुम्ही समितीला खोटं सांगितलंत."

"मग सांगा की तसंच. चिमानं दडवला. खोटं बोलली."

"तुम्हाला त्रास होईल. त्यापेक्षा राहू दे. मी अर्ज मागं घेते."

चिमाबाईच्या कपाळाला आठी पडली. "आता इतकी सालं त्याला थंडी घातली ती काय मागं घ्यायला? उचला तो जार."

तेवढ्यात वरच्या वाडीतून एक जण धापा टाकत आला. "चिमाबाई, चला लवकर. गाय माजावर आलीय, दोरी तोडतीया."

मॅडमनी जार उचलला होता, तो चिमाबाईनं त्यांच्या हातातून काढून पुन्हा स्वतःच्या खांद्याला लावला. "थांबा मॅडम. आधी गाय. मग जार तुमचा, पुडी काढून माझ्या वळवांसकट परत आणायचा."

आम्ही तिघं वाडीवर गेलो. गाय नाठाळ होती. मालकानं शिंगं धरली, आणि चिमाबाईनं मॅडमकडं न बघताच हुकूम सोडला, "शेपूट धरा." मी बघतच राहिलो. समुद्राचा तळ अभ्यासणारी, देशोदेशी व्याख्यानं दिलेली बाई साडी खोचून गाईचं शेपूट धरून उभी! मालकानं हळूच विचारलं, "ही कोन डाक्टरीन?"

"नवीन हाय," चिमाबाई म्हणाली. "शिकतीया."

काम झालं. मालकानं हातावर पाणी घातलं. मॅडमनी हात धुतले, जार उचलून स्वतःच्या खांद्याला लावला, पट्टा दोनदा घट्ट केला. निघताना मात्र थबकल्या.

"चिमाबाई, चौकशीत विचारतील, एवढी वर्षं नमुना कोणत्या संस्थेत, कुणाच्या देखरेखीखाली होता? काय लिहू?"

चिमाबाई कोपरापर्यंत साबण लावत होती. तिनं मानही वर केली नाही.

"लिवा, तळेघरला चिमाबाईकडं व्हता. बारा वळवांच्या राखनीत."